साडेसहा रुपये : पॅलेस थिएटरमध्ये घडणाऱ्या एका बालरहस्यकथेचे प्रकरण

२०२५ च्या उन्हाळी सुट्टीत कोल्हापुरातल्या एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत अकरा ते चौदा वर्षांची सात मुले पाच आठवडे रोज सकाळी जमत आणि एका खुनाची गोष्ट लिहीत. त्यांना मार्गदर्शन करण्याचे काम माझ्याकडे होते. गोष्ट जुन्या काळातली असावी, ती जुन्या नाट्यगृहात घडावी आणि खुनाचा छडा मुलांनीच लावावा, एवढे मुलांनी पहिल्याच दिवशी माझ्या मदतीशिवाय ठरवून टाकले. नाट्यगृह कोणते, हा प्रश्नही कोणी विचारला नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळाले, तेव्हा या सातपैकी चौघे आपापल्या घरच्यांबरोबर खासबागेच्या रस्त्यावर उभे राहून ती आग बघत होते. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, संगीत रंगभूमीचे गायक नट केशवराव भोसल्यांची जयंती होती. ज्या रंगमंचावर त्यांच्या स्मरणाचा कार्यक्रम व्हायचा, तो सकाळी राखेत गेलेला होता. आमच्या गटातल्या एका मुलाने त्याच नाट्यगृहात दुसरीत असताना ससा होऊन काम केले होते. त्याला गोष्टीतले नाट्यगृह पुन्हा उभे करायचे होते, आणि खून हे त्याच्या दृष्टीने तिथे पुन्हा आत शिरण्याचे निमित्त होते.

या लेखात मी त्या गोष्टीची जडणघडण मांडते आहे, कारण मुलांसाठी ऐतिहासिक रहस्यकथा लिहिणाऱ्यांच्या वाटेत ज्या अडचणी येतात, त्या जवळजवळ सगळ्या आमच्या वाटेत आल्या, आणि त्यातल्या एकीवर उपाय सापडला तेव्हा बाकीच्या बऱ्याचशा आपोआप सुटल्या.

पहिला खर्डा आठवड्याभरात झाला. साल १९१८ धरले होते. नाट्यगृहाच्या दारावर ‘केशवराव भोसले नाट्यगृह’ अशी पाटी होती, आत एका लोभी सावकाराचे प्रेत होते आणि संशयितांमध्ये खुद्द केशवराव भोसले होते. मारेकरी बटण दाबून दिवा घालवत होता, मुले बॅटरीच्या उजेडात पावलांचे ठसे शोधत होती, आणि शेवटी मारेकरी सगळ्यांसमोर रडत रडत आपला गुन्हा कबूल करत होता. शाहू महाराज हत्तीवरून येऊन मुलांच्या गळ्यात हार घालत होते. खर्डा वाचून होताच मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि माझ्याकडे पाहिले.

पाटीची चूक सोपी होती. शाहू महाराजांनी १९१३ ते १९१५ या काळात खासबागेच्या कुस्तीच्या मैदानाला लागून जे नाट्यगृह बांधून घेतले, त्याचे नाव ‘पॅलेस थिएटर’ होते. केशवरावांचे नाव त्याला मिळाले ते १९५७ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर छत्तीस वर्षांनी. १९१८ साली केशवराव अठ्ठावीस वर्षांचे होते, त्यांची ललितकलादर्श नाटक मंडळी उभी राहून दहा वर्षे झाली होती, आणि जिवंत माणसाच्या नावाच्या दारातून तोच माणूस आत येतो असे चित्र आमच्या मुलांनी रंगवले होते. हे सांगितल्यावर खोलीत हशा पिकला आणि पाटी बदलली गेली.

केशवरावांना संशयितांच्या यादीतून काढणे मात्र मुलांच्या जिवावर आले. ते यादीत असल्यामुळे गोष्टीला वजन येते, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते खोटे नव्हते. मी त्यांना ८ जुलै १९२१ च्या संयुक्त मानापमानाची, म्हणजे दोन नाटक मंडळ्यांनी मिळून केलेल्या ‘मानापमान’ नाटकाच्या प्रयोगाची, हकिगत सांगितली. टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत झालेल्या त्या प्रयोगात केशवराव धैर्यधर झाले होते आणि बालगंधर्व भामिनी. त्यानंतर तीन महिनेही झाले नसतील, तोच ४ ऑक्टोबरला, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, केशवराव गेले. ज्या माणसाचे सगळे आयुष्य एवढे थोडके आणि एवढे कामाने भरलेले, त्याच्या वाट्याला आपण आपल्या मनाने एक संशयही घालू नये, असे माझे मत आहे. पुढे तो संशय खोटा ठरवला म्हणूनही भागत नाही, कारण मुलांच्या डोक्यात नाव आणि संशय एकत्र रुजतात आणि खुलासा विसरला जातो. आम्ही नियम केला की खऱ्या व्यक्तीच्या तोंडी बनावट वाक्य घालायचे नाही आणि तिच्या अंगावर बनावट कृत्यही टाकायचे नाही. कथेतली नाटक मंडळी त्यामुळे काल्पनिक झाली. या नियमाने शाहू महाराजही हत्तीवरून उतरले. त्यावर एका मुलाने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला होता. त्याचे महाराज पुढे वेगळ्या वाटेने गोष्टीत परत आले.

सावकाराच्या प्रेताबद्दल मी काही बोलण्याआधीच आठवीतली एक मुलगी म्हणाली, “बाई, ह्यो एवढा मेला, तर कुणालाच कसं वाईट वाटंना?” खोली शांत झाली. आमच्या खर्ड्यात मृतदेह सापडल्यापासून चौथ्या ओळीत मुले शेंगदाणे खात तपासाला लागली होती. नावडता माणूस मारला की लिहिणाऱ्याची सोय होते. दुःख करावे लागत नाही आणि कोडे लवकर सुरू होते. परंतु बारा वर्षांच्या वाचकाला आपण त्यातून असे शिकवतो की काही माणसांचे मरण म्हणजे नुसती सुरुवात असते. त्या दिवशी आम्ही लिहिलेले काहीही वापरले नाही. मेलेला माणूस कोण असावा, याच्यावर दोन तास बोललो. तो नाट्यगृहातला सगळ्यांत कमी पगाराचा माणूस असावा, एवढे ठरले.

नाट्यगृहातला सगळ्यांत कमी पगाराचा माणूस म्हणजे पडदे ओढणारा. त्या काळी प्रसंगामागे रंगवलेले पडदे असत, राजवाड्याचा एक, अरण्याचा एक, रस्त्याचा एक. कोल्हापूरला त्याचे अप्रूप नको, कारण आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे इथलेच, आणि ‘पेंटर’ हे नाव त्यांना मिळाले ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवूनच. बाबूराव पुढे सिनेमाकडे वळले आणि ‘सैरंध्री’ १९२० मध्ये आला, तो भाग निराळा. कापडाच्या खालच्या कडेला लांब लाकडी रूळ असे, विंगेतला माणूस दोर ओढी तसा तो रूळ कापड गुंडाळत वर जाई, आणि दोर खुंटीला बांधला की पडदा प्रेक्षकांच्या नजरेआड टांगलेला राही. रुळाचे वजन बरेच असते. मुलांनी तिथेच खुनाची रीत ठरवली. विषाचा विचार मी सुरुवातीलाच बाजूला ठेवला होता, कारण मुलांच्या हातात देण्याच्या पुस्तकात कोणते द्रव्य किती लागते याची चर्चा मला नको होती. रूळ पडून माणूस जातो, सगळे त्याला अपघात म्हणतात, एवढे पुरेसे होते.

आता आमच्याकडे म्हातारा होता, रूळ होता आणि १९१८ साल होते. पण ते साल गोष्टीत काहीच काम करत नव्हते. ते काढून १९५० घातले असते, तरी एक ओळही बदलावी लागली नसती. धोतर, पागोटे, टांगा, आणे, पै एवढी सजावट करून ऐतिहासिक म्हणवणाऱ्या मुलांच्या गोष्टी मी पुष्कळ वाचल्या आहेत, आणि त्या वाचताना मला दर वेळी वाटते की लेखकाने इतिहासाला दारात उभे केले आहे, आत घेतलेले नाही. ज्या रहस्याचा उलगडा त्या काळाच्या एखाद्या खऱ्या गोष्टीवाचून होऊच शकत नाही, तेच ऐतिहासिक रहस्य. या एका कसोटीवर आमचा खर्डा नापास होता आणि तसे मी मुलांना सांगितले.

वाट मिळाली ती शाळेच्या पुस्तकातून. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, हे मुलांना पाठ होते. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता, हेही त्यातल्या दोघांना ठाऊक होते. या योजनेतली पहिली शाळा मार्च १९१८ मध्ये चिखलीला सुरू झाली, हे मात्र नवीन होते. चिखली म्हणजे प्रयागाची चिखली, पंचगंगेच्या उगमापाशी, कोल्हापुरातून सकाळी सायकलने जाऊन यावे एवढ्या अंतरावर. मी फळ्यावर ‘एक रुपया’ असे लिहिले आणि विचारले की ज्या घरात महिन्याचे पाचसहा रुपये येतात त्या घरात या एका रुपयाने काय होईल. अबोला धरलेला मुलगा म्हणाला, “पोरगं शाळेत जाईल.” मग क्षणभराने म्हणाला, “आणि घरी येऊन कुणाला तरी शिकवंल.”

तिथून गोष्ट पळू लागली. चिखलीचा दहा वर्षांचा मुलगा, त्याच गावचा पडदे ओढणारा म्हातारा. मुलगा त्याला आबा म्हणतो. नाटकाच्या हंगामात सुट्टीच्या दिवशी आबाबरोबर तो शहरात येतो, विंगेत पाणी देतो, आणि रिकाम्या वेळात आबाला पाटीवर आकडे शिकवतो. अक्षरे आबाला जमत नाहीत, हात कापतो. आकडे मात्र जमतात, कारण पैसे तर तो जन्मभर मोजत आला आहे. दंडाच्या धाकाने शाळेत गेलेल्या मुलाकडून एक निरक्षर माणूस आपल्या पगाराचा आकडा वाचायला शिकतो आणि त्या वाचण्यामुळे मारला जातो. शाहू महाराज गोष्टीच्या एकाही पानावर येत नाहीत, तरी त्यांच्या कायद्यावाचून ही गोष्ट घडलीच नसती. अबोला त्या दिवशी संपला.

काळ मात्र पुढे ढकलावा लागला. मुलांनी १९१८ ची दिवाळी धरली होती. त्या शरद ऋतूत इन्फ्लुएन्झाची साथ मुंबई इलाख्यात ऐन भरात होती आणि देशभरात मेलेल्यांची संख्या कोटीच्या घरात गेली. अशा दिवसांत भरलेले नाट्यगृह दाखवणे खोटे झाले असते. आम्ही गोष्ट फेब्रुवारी १९१९ मध्ये नेली. मुलाला आकडे शिकायला वर्षभर मिळाले, आणि आबाचा एकुलता मुलगा साथीत गेल्याचेही आम्ही ठरवले. घरी विधवा सून आहे. तिच्यासाठी म्हातारा रात्रीची राखणही करतो. नाटक सुटल्यावर रंगमंचावरच, टांगलेल्या पडद्याखाली, घोंगडे पसरून निजतो.

यापुढचा भाग मला सविस्तर सांगायचा आहे, कारण गोष्टीचे खरे कुलूप तिथे आहे.

गटातल्या एका मुलाच्या पणजोबांची शाहूपुरीत गुळाची अडत होती. घरात माळ्यावर जुन्या वह्या आहेत असे त्याने सांगितले आणि दुसऱ्या दिवशी आजोबांची परवानगी घेऊन एक वही आणली. लाल खारव्याच्या पुठ्ठ्याची, लांबट, वरच्या बाजूने शिवलेली रोजकीर्द. मजकूर मोडीत होता, म्हणून मुलांना त्यातले एक अक्षर कळेना. तरीही आकडे त्यांना वाचता येत होते. बहुतेक आकडे बाळबोध आकड्यांसारखेच होते. प्रश्न पडला तो आकड्यांपुढच्या उभ्या रेघांचा. एके ठिकाणी पाचापुढे एक रेघ, एके ठिकाणी दोन, एके ठिकाणी दोन रेघा आणि किंचित जागा सोडून तिसरी. मुलाच्या आजोबांनी खुर्चीतूनच सांगितले, सव्वापाच, साडेपाच, पावणेसहा. एक रेघ म्हणजे पाव, चार आणे. दोन म्हणजे अर्धा, आठ आणे. तीन म्हणजे पाऊण, बारा आणे. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे बारा पै, हे मुलांना तोंडी ठाऊक होते, पण ते कागदावर असे काठ्यांसारखे उभे राहते हे त्यांनी पहिल्यांदा पाहिले. एका मुलीने ओळीवर बोट ठेवले आणि बोट न उचलताच म्हणाली, “बाई, ह्यात नंतर एक काठी वाढवली तर?”

मी वही मिटून ठेवली. ती मिटल्याखेरीज त्यांनी दुसऱ्या कशाकडे पाहिले नसते.

आबाचा पगार साडेसहा रुपये. कारकून पगारवाटपाला बसतो, ‘साडेसहा’ असा पुकारा करतो, सहापुढे दोन काठ्या काढतो, आबाचा अंगठा घेतो. वाटप उरकल्यावर, एकटा असताना, तो सगळ्या नोकरांच्या ओळींत तिसरी काठी ओढतो, म्हणजे वहीत प्रत्येकाला पावणेसात दिले असे दिसते आणि माणशी चार आणे त्याच्या खिशात जातात. अंगठे देणाऱ्यांपैकी कोणालाही वाचता येत नाही, म्हणून वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. फेब्रुवारीच्या वाटपाला आबा अंगठा देताना पहिल्यांदाच वही वाचतो. या महिन्याच्या ओळीत दोन काठ्या आहेत, वरच्या, जानेवारीच्या, ओळीत तीन. त्याच्या मनात संशय येत नाही. त्याला वाटते की आपल्याला गेल्या महिन्यात जास्त मिळायचे होते की काय, किंवा साहेबांच्या हातून चूक झाली आणि ती त्यांच्या अंगाशी येईल. तो कारकुनाला सगळ्यांसमोर, साध्या मनाने विचारतो, “रावसाहेब, मागल्या म्हैन्यात माज्या नावावर चार आणं जास्त पडल्यात न्हवं?” हे वाक्य लिहिणारी मुलगी ते मोठ्याने वाचताना मध्येच थांबली. आपण लिहिलेल्या माणसाचे पुढे काय होणार आहे हे तिला ठाऊक होते.

चार आण्यांसाठी कोणी खून करील का, यावर वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. एका माणसाचे चार आणे कोणी मारत नाही. पण तो प्रश्न दुसऱ्या कानावर गेला तर सगळ्या वह्या, सगळी वर्षे उघडी पडतात आणि कारकुनाची नोकरी, इभ्रत, सगळेच जाते. काही मुलांना कारकून थोडा बरा माणूस हवा होता. त्याला फक्त पडदा पाडून आबाला कामावरून काढून टाकायचे होते, मारायचे नव्हते, असे त्यांनी सुचवले. मी दोन्ही बाजू लिहून आणायला सांगितल्या. शेवटी वहीनेच निकाल दिला. आबाला रात्री रंगमंचावर निजून राखण करण्याबद्दल दोन आणे दिल्याची नोंद त्याच वहीत, कारकुनाच्याच अक्षरात होती. तो नेमका कुठे निजतो हे कारकुनाला ठाऊक नव्हते, असे कोणालाही म्हणता येणार नाही. ही नोंद मुलांनी गोष्टीच्या पहिल्या चतुर्थांशातच, पगारवाटपाच्या गडबडीत, वाचकाच्या डोळ्यांसमोर टाकून ठेवली आहे. पुरावा वाचकापासून लपवायचा नाही, फक्त तो पुरावा आहे हे सांगायचे नाही, हे रहस्यकथेचे पथ्य त्यांनी मनापासून पाळले.

दोराबद्दल आम्ही प्रयोग केला. बाजारातून केकताडाचा दोर आणला आणि वाचनालयाच्या मागच्या दगडी पायरीच्या कडेवर दोन मुले आळीपाळीने तो घासत बसली. बऱ्याच वेळाने तो तुटला. दुसरा तुकडा सुरीने एका झटक्यात कापला. तिसरा तुकडा लहान चाकूने अर्ध्यापर्यंत थोडा थोडा कापला आणि त्याला पाण्याची भरलेली बादली टांगली. तो काही वेळ ताणात राहिला, कुरकुरला आणि बादली खाली आली. तिन्ही टोके पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवली. घासून तुटलेले टोक केरसुणीसारखे होते, तंतू लहानमोठे, चपटे झालेले, मळकट. कापलेले टोक सपाट, आतला रंग ताजा, पिवळसर. तिसऱ्यात दोन्ही गोष्टी होत्या. एका बाजूचे तंतू सारख्या लांबीचे, दुसऱ्या बाजूचे ओढले जाऊन लांब झालेले. मुलांनी ते तुकडे भिंतीवर टाचणीने लावले आणि गोष्टीतले दोराचे वर्णन त्यांच्याकडे बघून लिहिले. म्हणूनच ते वर्णन गोष्टीतल्या सर्वांत चांगल्या परिच्छेदांपैकी एक झाले आहे असे मला वाटते.

लहान चाकू कोणाजवळ असतो? हा प्रश्न आला तेव्हा गुळाच्या अडतीतल्या मुलाने आजोबांकडून ऐकलेले सांगितले. वही बोरूने लिहीत, आणि बोरू झिजला की चाकूने त्याचे टोक पुन्हा तासत. तासलेल्या बोरूच्या टोकाची रुंदी आधीसारखी राहतेच असे नाही. म्हणजे सकाळी काढलेल्या दोन काठ्या आणि संध्याकाळी ओढलेली तिसरी काठी यांच्या जाडीत फरक पडू शकतो. आणि ज्या चाकूने बोरू तासतात त्याच्या पात्यावर काजळाच्या शाईचे डाग असतात, ते दोराच्या तंतूंवर उतरू शकतात. एकाच चाकूने दोन पुरावे जोडले गेले. या क्षणी मी काही बोलले नाही. खोलीतला आवाज इतका वाढला होता की पलीकडच्या वाचनकक्षातून कोणीतरी येऊन दार लावून घेतले.

तपास करणाऱ्या मुलांबद्दल थोडक्यात सांगते. चिखलीच्या मुलाबरोबर मंडळीच्या शिंप्याची मुलगी आहे. स्त्रियांच्या भूमिका पुरुष करत, त्यामुळे रंगपटात मुलीचा वावर सहज नसे. बापाच्या शिलाई यंत्राशेजारी बसून बटणे लावणारी मुलगी मात्र कोणाच्या डोळ्यांत येत नाही. कापलेल्या आणि फाटलेल्या धाग्यातला फरक तिला कळतो, आणि दोर पहिल्यांदा तीच हातात घेते. संशय आधी खासबागेतल्या एका पहिलवानावर जातो, कारण एवढा रूळ पाडायला ताकद हवी असे सगळ्यांना वाटते. दोराचे टोक सांगते की ताकद लागलीच नाही, वेळ लागला. मोडी मजकूर वाचायला मुलांना गुरुजींकडे जावे लागते, आणि फौजदारापुढेही गुरुजीच वही घेऊन जातात. दहा वर्षांच्या मुलाने भर कचेरीत कारकुनाकडे बोट दाखवावे आणि सगळ्यांनी मान डोलवावी, हे १९१९ सालच्या कोल्हापुरात घडणारे नव्हते. मुलांचे शोधून काढणे आणि मोठ्यांचे मानणे यांच्यामध्ये किती पायऱ्या आहेत, हे दाखवायला आम्ही पूर्ण प्रकरण दिले. कबुलीजबाब काढून टाकला. कारकून शेवटपर्यंत गप्प राहतो.

आता मृत्यूचे पान. हे पान किती दाखवायचे यावर मी मुलांवर माझे मत लादले, हे मला कबूल केले पाहिजे. रक्त नको, एवढेच मी सांगितले. बाकी त्यांचे आहे. नाटक चालू असताना राजवाड्याचा पडदा खाली असेल तेवढा वेळ आबा त्याच्या मागे, अंधारात, खाली बसून राहात असे आणि हातातल्या कोळशाने कापडाच्या खालच्या कडेला आकडे गिरवत असे. प्रवेश संपला की पडदा वर जाई आणि ते आकडे रुळाभोवती गुंडाळले जात. दिवसा पडदा कायम वरच असे, म्हणून ते कोणी पाहिले नव्हते. दोर तुटला तसा पडदा पहिल्यांदाच दिवसाउजेडी उलगडलेला राहिला. मारणाऱ्यानेच तो उलगडला. सकाळी रंगमंचाच्या मागच्या दारातून ऊन आत आले तेव्हा मुलाला पडद्याच्या पाठीवर वेड्यावाकड्या सहांची रांग दिसली, प्रत्येकापुढे दोन काठ्या, आणि अगदी शेवटी शेजारी शेजारी दोन सहा, एकापुढे दोन, एकापुढे तीन. घोंगड्याबाहेर आलेल्या हाताकडे पाहून मुलगा म्हणतो की आबाच्या अंगठ्याला आज शाई नाही, कोळसा आहे. नंतरचे दीड पान तपास पुढे सरकत नाही. मुलगा चिखलीला परत चालत जातो, वाटेत नदीवर थांबतो, सुनेला कसे सांगायचे याचा विचार करतो आणि काहीच न सांगता तिच्या दारात बसून राहतो. हे पान आधी चार ओळींचे होते. ‘वाईट कसं वाटंना’ म्हणणाऱ्या मुलीने ते एकटीने पुन्हा लिहिले.

नाट्यगृहात आम्हाला जाता आले नाही, आत प्रवेश नव्हता. एका संध्याकाळी आम्ही खासबागेच्या बाजूने फक्त बाहेरून फिरलो. ज्याने सशाचे काम केले होते तो मुलगा विंगेत उभे राहिल्यावर उजव्या हाताला काय येत असे, पडद्याला कसला वास येई, पाय पडला की फळी कुठे वाजे हे सांगत होता, आणि बाकीचे वहीत टिपून घेत होते. १९१९ सालची फळी आणि त्याच्या आठवणीतली फळी एक असण्याचे कारण नाही. पण आतला अंधार, बाहेरून येणारा माणसांचा आवाज, दोन्हींच्या मधले कापड, हे त्याला अंगाने माहीत होते आणि गोष्टीत ते आले आहे.

शेवटचे पान पाचव्या आठवड्यात लिहिले. मुलांनी शिक्षा दाखवली नाही. आबाचा शेवटचा पगार सुनेला द्यायचा राहिला होता, त्याचे वाटप त्यांनी दाखवले. नवा कारकून वही उघडतो, ‘साडेसहा’ म्हणतो. सून अंगठा पुढे करते. मुलगा तिचा हात हलकेच धरून थांबवतो, वही स्वतःकडे वळवतो, सहापुढच्या काठ्या मोजतो, मग बोरू मागून घेतो आणि दुसऱ्या काठीनंतरच्या मोकळ्या जागेत एक आडवी रेघ मारतो, म्हणजे तिथे आणखी काही लिहिता येणार नाही. त्यानंतर तो तिला सांगतो, “आता दे.”

ते पान लिहिणाऱ्या मुलाने आडवी रेघ कागदावर खरोखरच काढली आहे. छापताना ती तशीच ठेवायची, असे त्याने मला बजावले आहे.